मयेकर बाईंची परीक्षानळी

मयेकर बाई एस. टी.ने शाळेत यायच्या तेव्हा आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या मांडीवर पाण्याने भरलेली काचेची बरणी असायची. बरणीत हिरव्या, बारीक पानांच्या लांब फांद्या. शास्त्राच्या पुस्तकात त्या वनस्पतीला हायड्रिला म्हणतात. आमच्याकडे पाण्यात उगवेल ते सगळं शेवाळच. एकदा कंडक्टरने बरणीत डोकावून विचारलं, "बाई, यातला मासा कुठाय?"

"मासा नाही, झाड आहे."

"मग त्याचं अर्धं तिकीट काढू काय?"

"काढा की. पण आधी खिडकीची ताडपत्री वर करा, त्याला उजेड लागतो."

कंडक्टरने खरंच ताडपत्री वर केली. पावसाचे शिंतोडे मागच्या सीटवर गेले, लोक कावले, आणि बाई बरणी उजेडाकडे धरून शांत बसल्या. ही हकीकत मला त्या कंडक्टरनेच सांगितली. "तुमच्या त्या बाई येडबंबू आहेत," तो म्हणाला, "पण त्यांना नाही म्हणवत नाही, सर."

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. विषय इतिहास. बाई नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवीत. आता मी ऐंशी ओलांडली आहेत. शाळेची स्मरणिका निघते आहे आणि माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे बाईंवर लेख मागितला. मागताना एकाने हळूच सांगितलं, "प्रदर्शनातलं ते प्रकरण तेवढं नको, सर. चांगलं चांगलं लिहा." ते प्रकरण वगळून बाईंवर लिहायचा अधिकार इतर कुणालाही असेल, मला नाही. पण आधी बाई कशा होत्या ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाई बुटक्या होत्या. कपाळ रुंद, चष्म्याची एक दांडी कायम दोऱ्याने बांधलेली. आवाज मोठा नव्हता, तरी वर्गात गलका कधी ऐकला नाही. "समजलं का?" असं त्या मुलांना विचारीत नसत. "दिसलं का?" असं विचारीत. प्रयोगाच्या तासाला खोडरबर आणायला बंदी होती. चुकीचं लिहिलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं. "खोडलंस तर तू आधी काय पाहिलंस ते मला कसं कळणार गो?" त्या म्हणत.

त्यांचा लाडका प्रयोग एकच. मोठ्या चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, फांद्यांवर उलटं नरसाळं, आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी उपडी घातलेली. उजेड पडला की पानांच्या पेशी अन्न तयार करू लागतात आणि प्राणवायू सोडतात. तो बुडबुड्यांनी वर चढतो, परीक्षानळीच्या टोकाशी साठतो आणि आतलं पाणी खाली ढकलतो. उजेड जास्त तर बुडबुडे जास्त. बुडबुडे मोजले की झाडाने किती काम केलं ते मोजता येतं. इतर शाळांत या प्रयोगाची आकृती पाठ करून मार्क मिळत. आमच्याकडे बाई तो प्रत्यक्ष करायला लावीत; उन्हात, ढगात, सकाळी, दुपारी. आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकीत, म्हणजे पानांना लागणारा कर्बवायू कमी पडत नाही. सोडा मधल्या सुट्टीत खाऊ विकणाऱ्या वहिनींकडून यायचा. वहिनी कुरकुरत, "माझ्या भज्यांना सोडा पुरत नाय, आणि बाई झाडाला खायला घालतायत."

हायड्रिला त्या स्वतः काढून आणीत, गावाबाहेरच्या एका तळीतून. साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरत. तिथे कपडे धुणाऱ्या बायका हसत. "काय गो बाय, शेवाळाची भाजी करतेस काय?"

"करीन. तुम्ही चव घ्यायला या."

कोकणात पावसाळ्यात हा प्रयोग म्हणजे फजितीच. एका जुलैत शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. साहेबांनी मुलांच्या वह्या चाळल्या तर सगळ्यांनी लिहिलेलं, 'बुडबुडे आले नाहीत. ढग होते.'

"हे काय? पुस्तकात तर लिहिलंय की बुडबुडे येतात."

बाई म्हणाल्या, "पुस्तक लिहिणारे जुलैत रत्नागिरीला आले नसावेत."

मी मागे उभा राहून घामाघूम झालो. साहेब मात्र हसले. चहा घेताना मला म्हणाले, "बाई तिखट आहेत तुमच्या." मी लगेच म्हणालो, "समज देतो." माझा स्वभाव तेव्हापासून असाच. जो समोर असेल त्याला बरं वाटेल ते बोलायचं.

पावसात बाई दिवा लावून प्रयोग करीत. दिवा जवळ, दिवा लांब, प्रत्येक वेळी बुडबुडे मोजायचे. "कोयनेचं पाणी पोफळीला डोंगरातून खाली येतं," त्या सांगत, "त्याची वीज होते, ती तारेवरून आपल्याकडे येते, आणि या दिव्याखाली आपलं झाड तिची साखर करतं. बघा, किती लांबून आलं आहे." आणि वीज गेली, ती तर रोजच जायची, की बाकीच्या वर्गांतून ओरडा उठायचा, पण बाईंच्या वर्गात एकदम शांतता. "गेली. मोजा पटकन." पोरं अंधारात चंचुपात्राला नाक लावून बसलेली असायची. बुडबुडे हळूहळू विरळ होत थांबायचे. फुकटात मिळालेला अंधार बाई वाया जाऊ देत नसत.

प्रदर्शन झालं त्या वर्षी दहावीत शुभांगी नावाची मुलगी होती. आतल्या गावातली, बाप मुंबईत गिरणीत. बाईंच्या मागे मागे बरणी धरून फिरायची. मुलींनी फारसं शास्त्राकडे जायचं नाही असा तो काळ, पण ही सरळ सांगे, "मी जीवशास्त्र घेणार." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करीत. पण त्यांच्या डब्यातली सांदणं तिच्या वाट्याला येऊ लागली होती.

ऑगस्टात शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. मूळचे आमच्याच भागातले, मुंबईत नशीब काढलेले एक गृहस्थ पाहुणे म्हणून येणार होते. शाळेला खरी प्रयोगशाळा बांधून द्यायचं त्यांच्या मनात होतं, प्रदर्शन आवडलं तर. परीक्षक म्हणून वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. बाईंनी प्रयोग खिडकीशी मांडला आणि शुभांगीला त्यावर बसवलं.

सकाळपासून आभाळ भरलेलं. वीजही नव्हती. पाहुणे यायच्या आधी मी फेरी मारली. इतर टेबलांवर ज्वालामुखी उसळत होते, गुलाबी पाणी निळं होत होतं. बाईंच्या परीक्षानळीत मात्र टोकाशी हरभऱ्याएवढा वायू. मी म्हटलं, "बाई, हे काय दाखवणार?"

"जे आहे ते."

"पाहुणे काय म्हणतील?"

"उजेड नव्हता म्हणून वायू नाही, हेच तर दाखवायचंय, सर. हा निकालच आहे."

मला तो निकाल दिसला नाही. मला रिकामी नळी दिसली. बाई स्वागताला दाराशी गेल्या. मी शुभांगीला म्हटलं, "जा, पोहे खाऊन ये. मी आहे इथे." ती गेली. शेजारच्या टेबलावर रबरी नळी पडली होती. तिचं एक टोक मी पाण्यातून नरसाळ्याखाली सारलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकलं. बुडबुडे भराभर वर गेले. अर्धी परीक्षानळी भरली. नळी पुसून जागेवर ठेवली. मी इतिहासाचा माणूस, माझ्या लेखी हवा ती हवा.

पाहुणे आले. बाईंच्या टेबलाशी ते थांबले आणि म्हणाले, "वा, एवढा प्राणवायू!" मी हात पुढे करून त्यांना पुढच्या टेबलाकडे नेऊ लागलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा."

त्या नळीकडे बघत होत्या. "आजच्या उजेडात इतका वायू येणं शक्य नाही."

प्राध्यापकही वाकले. "मलाही तेच वाटलं."

बाईंनी परीक्षानळी पाण्यातच अंगठ्याने बंद करून बाहेर काढली. शुभांगीला काडी पेटवायला सांगितली, ज्योत विझवून निखारा तेवढा ठेवायला सांगितला. प्राणवायू असेल तर निखारा भपकन फुलतो. काडी आत गेली. निखारा काळवंडला आणि विझला.

"ही हवा माणसाने फुंकलेली आहे," बाई म्हणाल्या. स्वतःच्याच प्रयोगाबद्दल, सगळ्यांसमोर.

"कुणी?" पाहुण्यांनी विचारलं.

शुभांगी पांढरीफटक पडली होती. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मांडणी माझी आहे. जबाबदारी माझी."

मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता.

प्रयोगशाळा त्या वर्षी आली नाही. शिक्षकांच्या खोलीत बाईंचं नाव पडलं 'फुंकणी'. चुलीशी असते ती. मुलांनी ते उचललं, मग पालकांनी. संस्थेने विचारलं, "काय करायचं या बाईंचं?" मी म्हणालो, "काही दिवस जयगडकडच्या आपल्या लहान शाळेत जाऊ देत. विषय मिटेल." बाईंना मी केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडे जवळ तळी आहे का?"

ते काही दिवस त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालले. मधे एकदा त्यांना तिथे मुख्याध्यापिका करायचं घाटत होतं. कुणीतरी ते जुनं प्रकरण काढलं. मी त्या बैठकीत होतो. चहा पीत होतो.

इतक्या वर्षांत मी गप्प का राहिलो याची कारणं माझ्याकडे होती आणि ती सगळी मी स्वतःला अनेकदा सांगितली आहेत. इथे लिहिण्यासारखं त्यांत एकही नाही.

लेख मागायला लोक आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जयगडची एस. टी. पकडली. बाईंचं घर बंदराच्या रस्त्यापासून जरा आत आहे. रस्त्यावर मालाचे ट्रक सारखे, पण पडवीत शांत. पडवीच्या कठड्यावर ओळीने बरण्या होत्या. बाई सत्तरीच्या झाल्यात. गुडघे गेलेत. चष्मा नवा, दोन्ही दांड्या धड.

"सर? एकटे आलात? या वयात? घरच्यांना सांगितलंत का?"

मी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, नाहीतर सांगितलं नसतं. सगळं सांगितलं. पोहे, रबरी नळी, फुंकणं. बाई दारातल्या पायरीवर बसून ऐकत होत्या. मी थांबलो.

"म्हणजे शुभांगीने नाही केलं?"

"नाही."

"तिने हातही लावला नव्हता?"

"ती तिथे नव्हतीच."

मला वाटलं होतं, त्या बदलीबद्दल बोलतील, त्या नावाबद्दल बोलतील. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "सर, इतकी वर्षं मी त्या पोरीला मनातल्या मनात माफ करत आल्ये. लहान होती, शाळेचं भलं बघायला गेली, होतं असं, म्हणून. आणि तिने काही केलेलंच नव्हतं." मग आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज प्रथमच ऐकला. "मी तिला एकदाही विचारलं नाही. आयुष्यभर पोरांना सांगत आल्ये की न बघता लिहू नका, आणि मी स्वतः न विचारता लिहून मोकळी झाले."

"चूक माझी आहे, बाई."

"तुमची आहेच. माझी वेगळी आहे. तुम्ही तुमची तेवढी घ्या." त्या उठल्या, आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. "मला सांगून तुमचं ओझं उतरलं असेल. पण मला सांगून काय उपयोग? ती लांज्याला असते. काजूचा कारखाना आहे तिचा. तिला सांगा. माझ्या देखत नको, एकटे जा."

"लेखात लिहिणारच आहे मी."

"लिहा. पण आधी ती. आणि फार लांब लिहू नका, लोक वाचत नाहीत."

लांज्याला मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच शुभांगीची शेड आहे. आत बायका काजू फोडायला बसल्या होत्या. शुभांगीचे केस पिकायला लागलेत. तिने मला ओळखलं, खुर्ची दिली, काजूगर बशीत घालून पुढे ठेवले. मी सांगितलं. ऐकता ऐकता तिने बशीतला एक गर उचलला आणि तो खाल्ला नाही, तसाच हातात धरून राहिली.

"मला वाटायचं बाईंनीच फुंकलं," ती म्हणाली. "मी पोहे खाऊन आले तेव्हा तुम्हीही दाराशी गेला होतात, तेवढ्यात येऊन. प्रयोगशाळा मिळावी म्हणून."

"मग निखाऱ्याची परीक्षा बाईंनी स्वतःच कशाला केली असती?"

"तेच कोडं होतं, सर. मी म्हटलं, करून बसल्या आणि मग सहन झालं नसेल. बाईंसारख्या बाईंना. मी कुणाला बोलले नाही. बाईंची अब्रू माझ्याजवळ आहे असं वाटायचं मला." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "अकरावीला कॉमर्स घेतलं मी. म्हटलं, बाईच खोटं करतात तर त्या शास्त्रात काय ठेवलंय?"

बाहेर एस. टी.चा हॉर्न वाजला. एक बाई काजूची टोपली घेऊन तिला काही विचारायला आली, तिने मानेनेच थांब म्हटलं.

"तुम्ही घाबरलात, गप्प बसलात, ते मी समजून घेईन एखादवेळी. पण त्या वर्षी बक्षीस समारंभाला तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, होतं असं, मनावर घेऊ नकोस. चार मुलींच्या देखत. त्या दिवसापासून त्या सगळ्या मला चोर समजल्या. ते कसं समजून घेऊ?"

मला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हेच जास्त लागलं. मी तिला तसं सांगितलं. माफी मागितली. तिने "बरं" म्हटलं नाही आणि "असू दे"ही म्हटलं नाही. पदराला हात पुसून फोन उचलला. बाईंचा नंबर तिच्याजवळ होता. कधी लावला नव्हता इतकंच.

"बाई, मी शुभांगी बोलत्ये. हो, सर बसलेत समोर. हो, सांगितलं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. डोळे पुसत मधेच म्हणाली, "नाही हो बाई, तुम्ही कशाला? मलाही तसंच वाटलं होतं ना तुमच्याबद्दल." पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही, पण शुभांगी एकदम हसायला लागली. या खेपेस ते हसू होतं. "होय होय, रविवारी येत्ये. नाही, गाडी आहे माझी. सरांना?" तिने माझ्याकडे पाहिलं. "बघते."

मला घेतलं तिने बरोबर. गाडीत ती माझ्याशी मोजकंच बोलली. पाऊस सरत आला होता, ऊन मऊ होतं. बाई फाटकाशी उभ्या होत्या. शुभांगी उतरली तशी त्या म्हणाल्या, "केस पांढरे केलेस गो," आणि तिचा हात धरून थेट घरामागच्या सड्यावर घेऊन गेल्या. मी मागून, काठी टेकत.

आमच्याकडे सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसानंतर त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि बोटभर उंचीची फुलं उगवतात. बाई त्यांची नावं सांगत होत्या. शुभांगी प्रश्न विचारत होती. उत्तरं ऐकायच्या आत दुसरे प्रश्न. मोठा कारखाना चालवणारी बाई, पण आवाज दहावीतल्या मुलीचा. एका खळग्याशी ती गुडघ्यांवर वाकली. बाईंना वाकता येईना, तर तिने त्यांना दोन्ही हातांनी धरून खाली बसवलं. दोघींची डोकी पाण्यावर जवळ आली.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"थांबा हो बाई. हां. पानाच्या टोकाशी. निघाला बघा एक बुडबुडा."

माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मीही दोन पावलं पुढे जाऊन त्यांच्या खांद्यांवरून डोकावलो. शुभांगीने वर न बघताच हात हलवला.

"सर, सावली पडत्ये तुमची. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो.